दोन लाख नव्व्याण्णव हजार सातशे शहात्तर

९ फेब्रुवारी १९५२

आजपर्यंत माझ्या हातांनी केलेल्या वस्तू: रेडिओ त्रेचाळीस, त्यांतले अठरा युद्धातल्या जळीतात गेले. जळीतानंतर हे दुकान, छपरासकट. शिवणयंत्राच्या चाकावर चालणारं कॉइल गुंडाळायचं यंत्र, वेढे मोजणाऱ्या काट्यासह. अकरा मीटर बांबूवरची एरियल, दोन वादळं पाहिलेली. ट्रान्सफॉर्मर सात (एक जळला, दोष तारेचा). हे टेबल. ही खुर्ची. डायलच्या काचा दोनशे साठच्या वर. प्रत्येक काचेवर आकडे मागच्या बाजूने, उलटे, ब्रशने काढलेले. वर किलोसायकल, खाली मीटर. आणि लहरींच्या लांबीचा तक्ता. तो पुरा व्हायचा आहे.

शाळा सहा वर्षं. बाकीचं मासिकं वाचून आणि बोटं भाजून.

ही यादी आज करायचं कारण, नागोयाच्या एका रेडिओ कंपनीचं पत्र आलं. त्यांच्या कुणा माणसाने माझी एक काच पाहिली. कंपनी बोटींवर विकायला नवा संच काढते आहे. खलाशी माणसं केंद्र मीटरवर ओळखतात, म्हणून त्यांना डायलवर मीटर हवे आहेत. ५५० पासून १५०० किलोसायकलपर्यंत, दर दहाला एक, अशा शहाण्णव ओळींचा तक्ता महिनाअखेर पाहायला मिळेल का, असं विचारतात. पसंत पडला तर काच माझ्या नमुन्याबरहुकूम छापतील. पत्राखाली सही इमाएदा या माणसाची, हुद्दा आराखडा विभागाचा प्रमुख.

मी लगेच कळवलं: तक्ता मिळेल. अट एकच. काचेच्या उजव्या कोपऱ्यात, दोन मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, 'कासुया' हे नाव राहील.

१० फेब्रुवारी

शेजारचा न्हावी होरिबे दाढी करताना विचारत होता की यात एवढं काय आहे. मी समजावलं. लहर सेकंदाला जेवढे किलोमीटर जाते त्या आकड्याला केंद्राच्या किलोसायकलनी भागायचं, की लहरीची लांबी मीटरमध्ये येते. सगळे लोक वरचा आकडा तीन लाख धरतात, कारण भागायला सोपा. आजच्या मोजमापाने खरा आकडा दोन लाख नव्व्याण्णव हजार सातशे शहात्तर. आठशे किलोसायकलला छापील तक्ते ३७५ मीटर सांगतात. माझ्या हिशोबाने ३७४.७२. अठ्ठावीस सेंटीमीटरचा फरक.

"कासुया-सान," होरिबे म्हणाला, "अठ्ठावीस सेंटीमीटर केस मी एका बाईचे कापले, तर तिच्या नवऱ्याला आठवडाभर पत्ता लागला नाही."

दुकानातले सगळे हसले. अशा लोकांमुळेच तीन लाख चालतात.

१२ फेब्रुवारी

कामाची पद्धत लिहून ठेवतो, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

सकाळी नऊला मी टेबलाशी बसतो. माझी बायको शिगेनो समोर चटईवर, मांडीपुढे सोरोबान. मी सोरोबानच्या शाळेत आकडे वाचणारे म्हणतात तसं "मागणं असं की" म्हणून सुरुवात करतो, मग स्पष्ट आवाजात: दोन लाख नव्व्याण्णव हजार सातशे शहात्तर, भागिले सातशे तीस. ती मणी सरकवते आणि उत्तर सांगते. चारशे दहा पूर्णांक पासष्ट. मी ते तक्त्यात उतरवतो, ओळीपुढे तारीख घालतो. तारीख घातलीच पाहिजे. कोणती ओळ कोणत्या दिवशी झाली हे कळलं नाही तर तो तक्ता कसला?

गणित माझं आहे, मणी नुसते तिचे. बायकोच्या बाबतीत माझं म्हणणं एवढंच, की ती घाई करते. माझं वाचून संपायच्या आत तिचं उत्तर तयार असतं. आज मी तिला तसं बोललो. म्हटलं, अगं, निदान मला शेवटचा आकडा तरी म्हणू दे.

"म्हणा ना," ती म्हणाली, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

तिच्या माहेरी तांदळाचं दुकान होतं. सहा वर्षांची असल्यापासून बापाने तिला मण्यांना बसवलेलं. लग्नात तिच्या सामानात पहिल्या श्रेणीचं प्रमाणपत्र होतं. ते जळीतात गेलं.

१५ फेब्रुवारी

१०७० पर्यंत आलो. त्रेपन्न ओळी. दुपारी तार आली. त्सु शहरात शिगेनोच्या धाकट्या बहिणीचे दिवस भरत आलेत आणि पायांना सूज आहे. शिगेनो साडेचारच्या गाडीने गेली. जाताना मुळ्याचं लोणचं कोणत्या बरणीत आहे ते सांगितलं, आणि म्हणाली, उरलेल्या ओळी मी आल्यावर करू, सात-आठ दिवसांचाच प्रश्न आहे.

माझा तक्ता कोणाच्या बाळंतपणासाठी थांबत नाही.

१९ फेब्रुवारी

कागदावर भागाकार करतो आहे. दिवसाला तीन ओळी, फार तर चार. हात आखडतो. १०९० ला २७५.२४. १११० ला २७०.६८. लोणचं आंबट झालंय.

कागदावर केलेलं काम डोळ्यांना दिसतं, मण्यांसारखं पुसून जात नाही. हे आधीच करायला हवं होतं.

२२ फेब्रुवारी

शिगेनो परतली. बहिणीला मुलगा झाला. तोवर माझ्या १०८० ते १२०० अशा तेरा ओळी झाल्या होत्या. संध्याकाळी तिने किमोनोच्या बाह्या दोरीने बांधल्या, आणि उरलेल्या तीस ओळी न्हाणीचं पाणी तापेपर्यंत उरकल्या. मी वाचून दमलो.

मग ती तक्ता हातात घेऊन वरून खाली बघत होती. बोट एका जागी थांबलं.

"अहो, इथे पायरी मोडतेय," ती म्हणाली. "वरून खाली येताना दर ओळीला अडीचच्या आसपास कमी होतंय. इथे एकदम कमी, पुढे एकदम जास्त. या तेरा ओळी एकदा वाचता का? पटकन होईल."

मी विचारलं, माझं गणित तू तपासणार का? ती म्हणाली, तसं नाही. मी म्हटलं, मग ठेव.

तिने तक्ता ठेवला, कडा जुळवून.

२८ फेब्रुवारी

नागोया. तक्ता जांभळ्या कापडात बांधून नेला. इमाएदा तिशीचा असेल, विद्यापीठातला, चष्म्याच्या काड्या चिकटपट्टीने जोडलेल्या. मला वाटलं होतं तोही तीन लाखवाला निघेल. पण त्याने पहिलीच ओळ पाहून मान वर केली आणि विचारलं, सातशे शहात्तर? मी म्हटलं, सातशे शहात्तर. तो उठून उभा राहिला आणि वाकला. एवढं शिकलेला माणूस माझ्यापुढे वाकला.

हिशोब कोणी केला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मी.

नावाची अट त्यांच्या वरिष्ठांना चालेल असं म्हणाला. तक्ता तपासून कळवतील. येताना स्टेशनावर उभ्यानेच गरम शेवया खाल्ल्या. काचेवरचं नाव कोणत्या वळणात असावं याचा विचार गाडीत करत होतो. बोट सिंगापूरला लागली तरी कोपऱ्यात कासुया असणार.

९ मार्च

कंपनीचं पत्र. त्र्याण्णव ओळी निर्दोष. तीन ओळी चूक: १०९०, १११०, ११८०. बरोबर आकडे २७५.०२, २७०.०७ आणि २५४.०५ असे दिलेत. तिन्ही ठिकाणी दशांशानंतरचं शून्य गळालं आहे. इमाएदा लिहितो, तक्ता उत्तम आहे, पण असं का झालं याचा खुलासा मिळाल्याशिवाय वरिष्ठ पुढे जाणार नाहीत.

मी तीन वेळा वाचलं. मग कागदावर करून पाहिलं. आधी २७५.२४ च आलं. पुन्हा केलं तेव्हा २७५.०२.

१० मार्च

खुलासा पाठवला: 'आकडे मी वाचतो व गृहिणी मण्यांवर सरकवते. सदर तीन ओळींत गृहिणीच्या हाताकडून दुर्लक्ष झालेले दिसते. समज दिली आहे.'

पत्र म्हणजे शेवटी दोन कचेऱ्यांमधली भाषा. त्यात घरातलं बारीकसारीक कोणी लिहीत नाही. पाकिटावर पत्ता लिहायला मी शिगेनोला सांगतो, तिचं अक्षर बाहेरच्या लोकांना लवकर लागतं. पाकीट बंद करायच्या आधी कागद टेबलावर उघडा होता. तिने पत्ता लिहिला, तिकीट लावलं, पोस्टात टाकून आली. काही बोलली नाही. म्हणजे वाचलं नसावं.

१६ मार्च

इमाएदा स्वतः आला. अगोदर कळवलं नव्हतं. शिगेनोने धावत जाऊन बीनचे गोड वडे आणले.

तो म्हणाला, काम कसं होतं ते एकदा डोळ्यांनी पाहायचं आहे. मी टेबलाशी बसलो, शिगेनो चटईवर. इमाएदाने खिशातून हिशोबाची सरकती पट्टी काढली. मी "मागणं असं की" म्हटलं आणि वाचायला लागलो. त्याची पट्टी सरकायच्या आत तिचं उत्तर येत होतं. पाच ओळींनंतर त्याने पट्टी खाली ठेवली. मग एकामागून एक आकडे तोच विचारू लागला, तक्त्यात नसलेलेसुद्धा, १०८५, १११३. माझी गरज उरली नाही म्हणून मी चहा ओतला.

शेवटी त्याने १०९० विचारलं.

"दोनशे पंचाहत्तर पूर्णांक शून्य दोन," शिगेनो म्हणाली. मणी तिने हलवलेच नव्हते.

इमाएदाने माझा तक्ता पिशवीतून काढला, त्या तीन ओळी पाहिल्या आणि त्यांच्यापुढच्या तारखा पाहिल्या. अठरा फेब्रुवारी, एकोणीस, एकवीस. तारखा किती नीट घातल्या आहेत असं म्हणाला. मला बरं वाटलं. मग हसत हसत शिगेनोला विचारलं, "वहिनी, त्या आठवड्यात तुमचं काही दुखत-खुपत होतं का?"

"मी इथे नव्हते," शिगेनो म्हणाली. "त्सुला होते, बहिणीच्या बाळंतपणाला. पंधरा ते बावीस."

तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं, बरणी कुठे आहे ते सांगतात तसं. इमाएदाने पेनला टोपण लावलं आणि वड्यांची चौकशी केली, कोणत्या दुकानातले म्हणून. माणूस रीतीचा आहे. जाताना दारात तो दोघांपुढे वाकला. तिच्यापुढे जरा जास्त वेळ, पण तिने उंबऱ्याशी बूट मांडून ठेवले होते म्हणून असेल.

होरिबेने दुकानातून पाहिलं. "काय, नागोयावाले सोयरीक घेऊन आले का?" म्हणून ओरडला.

२५ मार्च

कंपनीचं पाकीट आलं. वर 'कासुया शिगेनो यांस' असं लिहिलेलं. या घरात येणारं पत्र घराच्या कर्त्याने उघडायचं असतं, म्हणून मी उघडलं. ती तेव्हा मागे कपडे वाळत घालत होती.

कंपनीला शिगेनो हवी आहे. नोकरीला.

पत्र तीन वेळा वाचलं. संध्याकाळी जेवण गेलं नाही. शिगेनोने विचारलं, काही त्रास होतोय का. मी सांगितलं, भात कच्चा आहे.

२६ मार्च

उत्तर दिलं: 'आपण दाखवलेल्या कृपेबद्दल आभार. प्रकृती व घरची परिस्थिती यांमुळे स्वीकारणे शक्य नाही.' खाली तिचं नाव लिहिलं आणि शिक्का मारला. घरचा शिक्का एकच आहे. पाकिटावर पत्ता मीच लिहिला.

माझ्या तक्त्यात त्यांना मी नको आहे. तेव्हा मलाही ते नकोत. माझ्या घरातून निघालेला आकडा माझ्या नावानेच बाहेर जाईल, नाहीतर जाणार नाही. यात अन्याय कोणावर झाला? ती कधी नोकरी मागायला आली होती का माझ्याकडे? बावीस वर्षांत तिने माझ्याकडे एक शिवणयंत्र मागितलं, आणि त्याचं चाक मी कॉइलच्या यंत्राला लावलं, ते रोज उपयोगी पडतंय.

३१ मार्च

पाऊस. एक संच दुरुस्त.

८ एप्रिल

आज इमाएदाचं कार्ड आलं. कार्डाला पाकीट नसतं, आणि पोस्टमनने ते अंगणात तिच्याच हातात दिलं.

ती आत आली. कार्ड माझ्यापुढे टेबलावर ठेवलं. त्यात लिहिलं होतं: 'आपल्या प्रकृतीची काळजी वाटते. आपण नकार कळवल्यामुळे नाइलाजाने ती जागा दुसऱ्या व्यक्तीला दिली. तो हिशोब आपलाच होता हे आम्ही जाणतो.'

मी बोलायला सुरुवात केली. म्हटलं, अगं, त्या गोदीच्या भागात धूर किती, तुला खोकला. आणि इथलं दुकान? आणि लोक काय म्हणतील, नवरा बायकोच्या मागून नागोयाला गेला? ती ऐकत होती की नाही कळलं नाही. कपाटातून सोरोबान काढून तिने ते माझ्यासमोर ठेवलं. मग माझी खुर्ची ओढून तीत बसली. मला खाली चटईवर बसावं लागलं.

"आज तुम्ही मणी हलवा," ती म्हणाली. "मी वाचते."

मला वाटलं चेष्टा करतेय. पण तिने पाठ ताठ केली आणि मी म्हणतो तसंच म्हणाली, मागणं असं की. दोन लाख नव्व्याण्णव हजार सातशे शहात्तर, भागिले एक हजार नव्वद.

एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून तो आकडा पुरा कधी ऐकला नव्हता. मी मणी लावले. दोन आला. सात आला. पाचाशी बोटं अडकली, परत मागे गेलो, परत आलो. ती थांबली होती. घाई केली नाही. पाच आला, पुढे मी लगेच दोन लावला.

"नाही," ती म्हणाली. "एक घर सोडा."

मी म्हटलं, तिथे काही नाहीच आहे तर सोडायचं काय.

"शून्याला मणी नसतो," ती म्हणाली. "पण जागा असते. ती तुम्ही दर वेळी खाता."

मग खुर्चीवरून उठली, खुर्ची जागेवर लावली. सोरोबान झटकून कापडात गुंडाळलं आणि बिछान्यांच्या कपाटात, अगदी तळाशी, हिवाळ्याच्या रजयांखाली ठेवलं.

मला शिकवायला निघाली होती. वाचत होती तीही फार भरभर.

१९ एप्रिल

चेरीची फुलं गळून गेली. घरात बोलणं होतं. जेवण वेळेवर, न्हाणीचं पाणी वेळेवर. तक्रार करायला जागा नाही.

सकाळी एक गिऱ्हाईक आलं. नव्या केंद्राच्या खुणेसकट काच हवी आहे. मी टेबलाशी बसलो आणि सवयीने "मागणं असं की" म्हटलं, आकडाही म्हटला. स्वयंपाकघरात ती मुळा चिरत होती. सुरी थांबेल म्हणून मी वाट पाहिली. थांबली नाही. एका तालात चालू होती.

मी आकडा पुन्हा एकदा म्हटला, जरा मोठ्याने. मुळा संपला, तिने दुसरा घेतला.

२७ एप्रिल

मासिकाच्या शेवटच्या पानावर असतो तो छापील तक्ता कापून टेबलासमोर भिंतीला लावला. तीन लाखांचा. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही, आणि काटाच मुळात केसापेक्षा जाड असतो. ब्रशच्या रेघेत अठ्ठावीस सेंटीमीटर कुठे हरवतात ते कोणी सांगू शकणार नाही. शिवाय आज एक गोष्ट लक्षात आली. छापील तक्त्यात १०९० ला २७५.२३ आहे. माझं २७५.२४ होतं. एक सेंटीमीटर. म्हणजे मी तितका चुकलो नव्हतो.

हे होरिबेला सांगितलं. त्याने वस्तरा पुसला. "कासुया-सान, म्हणजे तुम्हीही आमच्यात आलात की," म्हणाला. या वेळी कोणी हसलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

दुपारी नव्या काचेवर आकडे काढले. शून्यं सगळी जागेवर आहेत, दोनदा मोजली. उजव्या कोपऱ्यात नाव घातलं. ही काच इथून चार गल्ल्यांपलीकडे जाणार आहे.

नोंद अपुरी राहू नये म्हणून २५ मार्चच्या पत्रातला मजकूर इथे उतरवून ठेवतो. पत्र मी शेगडीत घातलं, पण मला ते पाठ आहे. मी नाकारलं ते हे:

कासुया शिगेनो यांनी एक मेपासून कंपनीच्या गणित विभागात प्रमुख म्हणून रुजू व्हावे. हाताखाली तीन मुली. राहायला गोदीजवळ दोन खोल्या, पतीसह. पतीस इच्छा असल्यास दुरुस्ती विभागात काम. तक्ता २,९९,७७६ याच आकड्यावर छापला जाईल. काचेच्या उजव्या कोपऱ्यात, पूर्वी ठरल्याप्रमाणे दोन मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, नाव राहील: कासुया शिगेनो. पगार दरमहा नऊ हजार पाचशे येन.